विश्लेषण : घोडे साडेचारशे, पण नालबंद घडवणारी शाळा कुठे?

पनवेल : माथेरानचं नाव निघालं की सध्या दोनच गोष्टींवर बोललं जातं. एक ई-रिक्षा आणि दुसरी पेव्हर ब्लॉक. सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी हातरिक्षा माणुसकीला धरून नाही असं स्पष्ट सांगितलं, ती सहा महिन्यांत बंद करायला लावली आणि ई-रिक्षाचा रस्ता मोकळा केला. त्याच निकालात दस्तुरी नाका ते शिवाजी महाराज पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाही, असंही ठरलं. हातरिक्षा ओढणाऱ्यांचं काय करायचं याचा विचार झाला, तो व्हायलाच हवा होता. घोडेवाल्यांची बाजूही न्यायालयापर्यंत गेली. पण या सगळ्या गदारोळात एका माणसाचं नाव कुणीच घेतलं नाही. घोड्याच्या पायाला नाल मारणारा नालबंद.

आता तुम्ही म्हणाल, नालबंदाचं काय एवढं? गाड्या-मोटारींच्या जमान्यात घोड्याचा नाल म्हणजे दारावर ठोकायची वस्तू. पण माथेरानमध्ये आजही सुमारे ४६० घोडे प्रवासी वाहतुकीत आहेत. डोंगरावर मोटार नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं, त्यामुळे दस्तुरी नाक्याला गाडी थांबते ती थांबतेच. पुढे पायी चाला, मिनी ट्रेन पकडा, ई-रिक्षाच्या रांगेत उभे राहा, नाहीतर घोडा करा. एका घोड्यावर एक घर चालतं. मालक वेगळा आणि घोडा धरून चालणारा वेगळा असेल तर दोन घरं. आणि हा सगळा डोलारा उभा आहे चार खुरांवर.

आपल्या पनवेल तालुक्याचा माथेरानशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांनी धोदाणीला जाऊन बघावं. गाव आपल्या तालुक्यात, डोंगर माथेरानचा. धोदाणीतून पायवाट थेट सनसेट पॉइंटला निघते आणि पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं भाजी, दूध, लाकूडफाटा घेऊन वर गेलेली आहेत. वरच्या रोजगारात काही बदललं की खालच्या वाड्यांना ते जाणवतं. म्हणून हा प्रश्न एकट्या कर्जत तालुक्याचा नाही.

मुद्द्याचं बोलू. नालबंदाचं काम शिकायचं असेल तर आपल्या जिल्ह्यातल्या मुलाने जायचं कुठे?

आधी हे काम काय आहे ते नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटतं की लोखंडाचा गोल पट्टा घ्यायचा आणि खिळे ठोकायचे. तसं नाही. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखासारखाच पदार्थ, तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मोकळ्या रानातला घोडा चालून चालून तो झिजवतो. कामाच्या घोड्याला डांबर, दगड, उतार यावर ओझं घेऊन चालावं लागतं, तिथे वाढीपेक्षा झीज जास्त होते, म्हणून नाल. पण एकदा नाल बसला की खुराची झीज थांबते आणि वाढ चालूच राहते. पाच-सहा आठवड्यांत खूर नालाच्या पुढे सरकतो, टाच लांबते, पायाचा कोन बिघडतो. म्हणजे नाल झिजला नसला तरी काढावाच लागतो, खूर कापून सारखा करावा लागतो आणि मग तो नाल किंवा नवा नाल बसवावा लागतो. घोडा आहे तोपर्यंत हे चक्र थांबत नाही.

यात चूक कुठे होते? पहिली चूक मापाची. बाजारात तयार नाल मिळतात. हाताशी असलेला नाल लहान निघाला तर घाईतला माणूस खुराचा पुढचा भाग कानशीने घासून नालाच्या मापाला आणतो. हे उलटं काम झालं. नाल खुराच्या मापाला आणायचा असतो, खूर नालाच्या नाही. पायाला चप्पल होत नाही म्हणून कुणी अंगठा कापतं का? लहान नाल टाचेला आधार देत नाही, सगळा भार पुढे जातो आणि सहा महिन्यांनी घोडा अडखळायला लागतो. तेव्हा दोष घोड्याच्या वयाला दिला जातो.

दुसरी चूक खिळ्याची, आणि ती जास्त महागाची. खुराच्या बाहेरच्या भिंतीला संवेदना नसते, आतल्या भागाला असते. तळव्याकडून पाहिलं तर दोन्हींच्या मध्ये एक फिकट रेघ दिसते. खिळा त्या रेघेच्या बाहेरून घालायचा असतो. नालाच्या खिळ्याचं टोक एका बाजूने तासलेलं असतं, त्यामुळे तो ठोकताना आपोआप बाहेरच्या बाजूला वळतो. खिळा उलटा धरला तर तो आत वळतो. बस्स, एवढ्यानेच घोडा लंगडा होतो. कधी खिळा थेट आत जात नाही पण इतक्या जवळून जातो की दाब पडतो, दोन-तीन दिवसांनी खूर गरम लागतो आणि घोडा पाय टेकवत नाही. आत पू झाला तर काम आठवड्यांवर जातं. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या गर्दीत घोडा तीन आठवडे तबेल्यात उभा राहणं म्हणजे त्या घरासाठी काय असतं, ते वेगळं सांगायला नको. शिवाय घोड्याला धनुर्वाताचा धोका इतर जनावरांपेक्षा फार जास्त. खिळ्याची एक जखम आणि लस दिलेली नसेल, तर घोडाच हातचा जातो. म्हणून ज्यांच्या दारात घोडा आहे त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात धनुर्वाताच्या लशीचं विचारून घ्यावं.

पेव्हर ब्लॉकचा वाद खरं तर याच कामाशी येऊन भिडतो. तांबड्या मातीत लोखंडी नाल रुततो, पकड मिळते. गुळगुळीत, ओल्या, उताराच्या फरशीवर तोच नाल घसरतो. घोडेवाल्यांनी हीच भीती मांडली होती. आता मुख्य रस्त्यावर ब्लॉक राहणार हे गृहीत धरलं, तर नालाचाही विचार करावा लागेल. जगात इतर ठिकाणी रस्त्यावर चालणाऱ्या घोड्यांसाठी टंगस्टन कार्बाइडचं कडक टोक असलेले खिळे वापरतात, नालाखाली रबराचा थर देतात. पण त्यातही मेख आहे. पकड फार वाढवली तर पाय टेकल्यावर जो थोडा सरकतो तो सरकत नाही आणि सगळा झटका सांध्यावर जातो. किती पकड द्यायची, कुठल्या पायाला द्यायची, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काय बदलायचं, हे शिकलेला नालबंद ठरवू शकतो. नुसता ठोकणारा नाही.

हे शिकायचं कसं, तर आजवर ते घरात शिकलं जायचं. आपल्याकडे नालबंद हे आडनाव आहे, त्यातली बरीचशी मुस्लिम घराणी. काही भागांत लोहार आणि घिसाडी समाजाची मंडळी हे काम करत आली. बापाने पाय तासायचा, मुलाने तो धरायचा, आठ-दहा वर्षांत मुलगा तयार. मराठेशाहीत तर घोड्यांच्या खर्चासाठी शिलेदाराला जी रक्कम आगाऊ मिळायची तिलाच ‘नालबंदी’ म्हणत. खर्च दाणावैरणीचाही असायचा, पण नाव नालावरून पडलं. यावरून काय ते समजा.

आणि पनवेल तर वाहतुकीवरच वाढलेलं गाव. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, मुंबईहून होडीने यायचं, पनवेलला उतरायचं आणि बैलगाडीने किंवा घोड्यावरून पुण्याला जायचं, असा तो मार्ग. पनवेलची गाडीची चाकं त्या काळी नावाजलेली होती, घाटावरचा गाडीवान परत जाताना इथली चाकजोडी घेऊन जायचा. जिथे इतक्या गाड्या, तिथे बैलांच्या खुरांना लोखंड लागणारच. रेल्वेने बोरघाट ओलांडला आणि ते दिवस गेले. चाकं बनवणारे गेले, नाल मारणारेही पांगले.

बैलाचं काम घोड्यापेक्षा वेगळं, हे इथे सांगून ठेवतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. घोडा उभा राहून नाल मारून घेतो, बैलाला बहुधा दोराने आडवा पाडावा लागतो. तो पाडताना नवखा माणूस असेल तर बैलाचा खुबा नाहीतर शिंग मोडायचं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने ती कायम झाली. तेव्हापासून पनवेल, उरण, कर्जत पट्ट्यात शर्यतीचे बैल पुन्हा लाखांच्या भावात गेलेत. एवढ्या किमतीच्या जनावराचे खूर कोण बघतो? बरेचदा जो मिळेल तो.

आता शिक्षणाच्या वाटा तपासू. आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये फिटर आहे, वेल्डर आहे, वायरमन आहे. नालबंदाचा वर्ग नाही. लष्करात हा व्यवसाय आजही मानाने आहे. मेरठला रिमाउंट व्हेटर्नरी कोअरचं केंद्र आणि कॉलेज आहे, तिथे सैन्यातले नालबंद रीतसर तयार होतात. पण ते भरती झालेल्या जवानांसाठी, बाहेरच्या मुलाला तिथे जाऊन शिकता येत नाही. ब्रूक इंडियासारखी संस्था वीटभट्टीवरच्या आणि टांग्याच्या घोडे-खेचरांसाठी काम करते आणि गावपातळीवरच्या नालबंदांना सुधारित पद्धत शिकवते. हा नमुना चांगला आहे, कारण तो आधीच काम करणाऱ्याला हात धरून पुढे नेतो.

मग राहिलं मुंबई आणि पुण्याचं रेसकोर्स. महालक्ष्मीला हिवाळ्यात, पुण्याला पावसाळ्यात हंगाम असतो. हंगाम बदलताना घोड्यांच्या गाड्या आपल्या कळंबोलीवरूनच एक्स्प्रेसवेला लागतात, पण आत काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. शर्यतीच्या घोड्याला धावताना हलका ॲल्युमिनियमचा नाल लागतो, खूर पातळ, चूक परवडत नाही. तिथला चांगला नालबंद म्हणजे खरा कारागीर. त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून दोन-तीन वर्षं काढली तर शिक्षण उत्तम होतं. अडचण अशी की तिथे प्रवेश ओळखीनेच मिळतो आणि तो धंदाही सध्या ओढग्रस्तीत आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. पैज चांगली की वाईट हा वाद वेगळा. पण क्लबचं उत्पन्न आटलं की तबेल्यातली माणसं कमी होतात, हे उघड आहे. फक्त रेसकोर्सच्या भरवशावर कुणी मुलाला या कामात घालू नये.

सरकारी योजना म्हणाल, तर डोळ्यासमोर येते पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही योजना १८ पारंपरिक कामांसाठी आहे. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चर्मकार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी, होडी बांधणारा, जाळी विणणारा, अगदी कुलूप बनवणारा आणि हार गुंफणारासुद्धा त्यात आहे. नालबंद नाही. योजनेतले फायदे वाचले की ही उणीव जास्त खटकते. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, पुढे पंधरा दिवसांचं प्रगत, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांचं कर्ज. नालबंदाची पेटी म्हणजे हातोडा, सांडशी, खूर तासायची वाकडी सुरी, कानस, छोटी ऐरण आणि चामड्याचं एप्रन. १५ हजारांत ती चांगल्यापैकी बसते.

जो नालबंद स्वतः भट्टीवर नाल घडवतो, तो लोहार म्हणून अर्ज करू शकतो. सीएससी केंद्रावर नोंदणी होते, ग्रामपंचायतीतून पहिली पडताळणी होते, एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर करावा. पण लोहाराच्या प्रशिक्षणात लोखंड शिकवतील, खूर नाही. तयार नाल आणून बसवणाऱ्याला तर तेही दार बंद. इथे आमदार-खासदारांना करण्यासारखं काम आहे. यादीत एकोणिसावं नाव घालता येत नसेल तर लोहाराच्या प्रशिक्षणात नालबंदीचा एक भाग तरी जोडा, एवढी मागणी रायगडमधून जायला हरकत नाही. माथेरान आपल्या जिल्ह्यात आहे, मग ही मागणी दुसऱ्या कुणी करायची?

तरी डोळे झाकून ‘नालबंदीत करिअर’ असं आम्ही म्हणणार नाही. हिशेब करू. माथेरानचे ४६० घोडे, पाच आठवड्यांनी एकदा नाल धरला तर आठवड्याला साधारण ९२ घोडे. सहा दिवसांचं काम म्हटलं तर दिवसाला पंधरा. मदतनीस सोबत असलेला माणूस नीट काम करून दिवसाला चार-पाच घोडे करतो, त्यापेक्षा जास्त केले तर घाई होते. म्हणजे एकट्या माथेरानला तीन ते चार नालबंद पुरतात. त्यात कर्जत, पनवेल, खोपोली भागातली फार्महाऊस, घोडेस्वारी शिकवणारी केंद्रं, लग्नाच्या घोड्या आणि शर्यतीचे बैल धरा. तरी हा आकडा दहा-पंधराच्या पुढे ओढणं म्हणजे स्वतःला फसवणं. रोजगार मेळावा भरवण्याएवढं हे काम नाही.

पण दहा-पंधरा पक्के रोजगार म्हणजे थोडे नाहीत, विशेषतः डोंगराखालच्या वाडीतल्या मुलांसाठी. एका घोड्याची मजुरी समजा ६०० रुपये धरली, दर गावागणिक वेगळा असतो हे लक्षात ठेवून, तर चार घोड्यांचे दिवसाचे २,४०० आणि महिन्यात २४ दिवस काम झालं तर ५७,६००. त्यातून नाल, खिळे, प्रवास, मदतनिसाची मजुरी काढा. निम्मे उरले तरी २८ हजारांच्या घरात जातं. पावसाळ्यात पर्यटक नाही, ओला खूर मऊ पडतो आणि खिळाही धरत नाही, तेव्हा दोन-तीन महिने हे गणित कोसळतं. म्हणजे वर्षभराची सरासरी कंपनीतल्या कंत्राटी कामगाराच्या आसपास. फरक एवढाच की इथे ठेकेदार नाही. आणि धोका मात्र अंगावर. लाथ बसते, पाठ जाते. बारा महिन्यांचे २० रुपये भरून पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, तो या कामात उतरणाऱ्याने पहिल्या दिवशी काढावा.

घोडे कमी होत चाललेत ही शंका रास्त आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, २०१९ मध्ये ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरले. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून जास्त घट. मुंबईत व्हिक्टोरिया होत्या, जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. पुढे पुनर्वसनाचा विषय निघाला तो मालकांचा आणि गाडी हाकणाऱ्यांचा. त्या घोड्यांना नाल मारणारा कुठल्याच यादीत नव्हता. कागदावर नाव नसलं की माणूस बुडताना दिसतही नाही. उद्या माथेरानमध्ये ई-रिक्षा वाढल्या आणि घोडे घटले, तर इथेही तेच होईल. म्हणून नालबंदाची नोंद, ओळखपत्र, प्रमाणपत्र हे आजच व्हायला हवं. पुढे धंदा टिकला तरी उपयोगी आणि नाही टिकला तरी.

आमच्या मते माथेरान-नेरळ भागात वर्षाला पाच-सहा मुलांचा एक छोटा वर्ग चालवणं अवघड नाही. नवी इमारत नको. घोडे आहेत, जुने जाणते नालबंद आहेत, सरकारी पशुवैद्यक आहेत. परळला १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथले प्राध्यापक वर्षातून दोनदा येऊन खुराची रचना शिकवू शकतात. ग्रामीण मुलांना मोफत प्रशिक्षण देणारी आरसेटी अलिबागला आहे, तिच्याकडून कर्ज-हिशेबाचा भाग होईल. जुन्या नालबंदाला शिकवण्याचं मानधन मिळालं पाहिजे, नाहीतर तो आपला धंदा दुसऱ्याच्या पोराला का देईल? आजवर ही विद्या घरात राहिली त्याचं कारण हेच. इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या माणसाला घोड्याला नाल मारायला बंदी आहे आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त नालबंदाच्या हाताखाली साधारण चार वर्षं उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे लगेच तसा कायदा करा असं कुणी म्हणत नाही, तसा केला तर उद्या सकाळी माथेरानच्या एकाही घोड्याला नाल लागणार नाही. पण चार वर्षं कशाला लागतात, हे तरी समजून घ्या.

एक सूचना वर्ग सुरू करणाऱ्यांनी विसरू नये. नालबंदाने इंजेक्शन देऊ नये. पशुवैद्यकाचं काम १९८४ च्या कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाचं आहे. खूर गरम आहे, पू झालाय, घोडा पुढचा पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतोय, हे ओळखणं नालबंदाचं काम. ते ओळखून डॉक्टरला फोन करणं हेही त्याचंच काम. त्यापुढे थांबायचं.

परदेशाचं आमिष दाखवणारेही भेटतील. आखातात घोड्यांचे मोठे तबेले आहेत, तिथे आपली माणसं कामाला जातात हे खरं. पण एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि पासपोर्ट तर अजिबात नको.

ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी पुढच्या वेळी नाल मारल्यावर एवढं जरूर बघा. नालाचं टोक टाचेपर्यंत पोचलंय का, की मध्येच संपतंय? खिळ्यांची वळवलेली टोकं खुराच्या भिंतीवर एका रेषेत, साधारण तळापासून एक तृतीयांश उंचीवर दिसतायत का? खुराचा पुढचा भाग कानशीने सपाट घासलाय का? दुसऱ्या दिवशी सकाळी चारही खुरांवर हात ठेवा, एक जास्त गरम लागतोय का? यातलं काही चुकीचं दिसलं तर त्याच दिवशी बोला, आठवड्याने नाही.

आणि धोदाणीच्या, नेरळच्या किंवा आणखी कुठल्या वाडीच्या ज्या मुलाला हे वाचून वाटलं असेल की बघावं जाऊन, त्याने आधी हातोडा विकत घेऊ नये. वर जावं, काम करणारा नालबंद शोधावा, आणि ‘चाचा, पाय धरायला येऊ का’ असं विचारावं. पहिले दोन-तीन महिने फक्त पाय धरायचा असतो. घोडा भार टाकतो, कंबर दुखते, माश्या चावतात, आणि घोडा कधी ओढून घेणार हे त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळायला लागतं. ते कळलं की मग कानस हातात मिळते. खिळा त्यानंतर, बराच नंतर.